गावाला सांगितलेली कावीळ

“ईसीजी, रक्त, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुला डिप्रेशन आहे.” म्हणजे मन खचण्याचा आजार, असं त्यांनी समजावलं. बाबांनी एवढंच विचारलं, “गावात काय सांगायचा?”

छातीवर दडपण येत होतं म्हणून मी दवाखान्यात गेलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. रत्नागिरीत खोलीवरची मुलं वाईट नव्हती, पण माझ्या ‘हाय-नाय’ला हसायची. मी बोलणं कमी केलं, मग सोडूनच दिलं. दिवसभरात कुणाशी बोलतोस, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला फक्त खानावळीतल्या मावशी आठवल्या.

गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत, असं त्यांनी बजावलं.

बाबांनी मला गावी आणलं आणि कावीळ सांगितली. अख्खी वाडी बघायला आली. कुणी ऊस आणला, कुणी नुसतंच जवळ बसलं. मला जरा बरं वाटू लागलं. मग झाडपाल्याचं औषध देणारी शेवंतीकाकी आली. पापणी खाली ओढून म्हणाली, “डोळं तर पांढरं हायत.”

आई घाईने म्हणाली, “उतरली असंल.”

“मग इंग्रजी गोळ्या बंद. नायतर माझा औषद लागायचा नाय.”

खोटं उघडं पडू नये म्हणून गोळ्या बंद झाल्या, काकीचा पाला सुरू झाला. हळूहळू झोप गेली, घास उतरेना. माणसं आली की मी भिंतीकडे तोंड करायचो. जगायला नको वाटतं, हे शेवटी बाबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला देवळात घेऊन गेले. आमच्याकडे गुरव देवीपुढे ज्याचं त्याचं गाऱ्हाणं मोठ्याने घालतो आणि जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. गुरवाने विचारलं, “काविळीचा सांगू ना?”

बाबांनी माझा दंड धरला.

“नाय,” ते म्हणाले. “पोराचा मन आजारलाय. शहरात एकटा पडला. डॉक्टरच्या गोळ्या लागू पडूंदे, नि कालेज पुरा होऊंदे.”

गुरवाने ते जसंच्या तसं देवीला सांगितलं. पहिला आवाज शेवंतीकाकीचा आला, “होय म्हाराजा.” मागून सगळ्यांचा.

बाहेर आल्यावर ती बाबांना म्हणाली, “आधी सांगितला असतास तर पोराला कडू पाला तरी प्यावा लागला नसता.”

आता मी परत कॉलेजात जातो. गोळ्या पुन्हा चालू आहेत. खोलीवर माझ्याच बोलीत बोलतो. मुलं अजून हसतात, कधीकधी मीही हसतो.

कुणाला असं होत असेल तर गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, आणि एका तरी माणसाला खरं सांगा. मला चारचौघांत सांगता आलं नाही. बाबांनी सांगितलं.