बेचाळीस अंशांचं शहाणपण

पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मी रंगाच्या सांडपाण्याची तपासणी करते. पाण्यातला रंग घालवायला आम्ही टाकीत ओझोन सोडतो. उरलेला ओझोन छातीला घातक, म्हणून तो बाहेर जाण्याआधी एका पेटीत तापवतात; त्याचा साधा ऑक्सिजन होऊन पाइपातून बाहेर पडतो. टाकीजवळ झाडलोट करायला माझी मावशी आहे. गोडादऱ्याच्या एका खोलीत तिनेच मला वाढवलं, बी.एस्सी. केलं.

मागच्या वैशाखात पेटीचा हीटर सारखा बंद पडायला लागला. शेठनी विचारलं, "बेन, इतनी गरमी में हीटर जरूरी है क्या?" मला खरं तर ठाऊक नव्हतं. पण चार माणसांत "बघून सांगते" म्हणायला जीभ रेटेना. उष्णतेने ओझोन फुटतो एवढं कॉलेजात घोकलेलं, आणि बाहेर बेचाळीस अंश. ठोकून दिलं, "नाही, आपोआप फुटेल." हीटर बंदच राहिला.

आठवड्याने मावशी म्हणाली, "बेटा, तठे वास येस. नाक जळस."

"अगं, तो ऑक्सिजन आहे. दवाखान्यात नळीने देतात ना, तोच." मी मास्तरणीच्या थाटात सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती डबा घेऊन मुद्दाम त्या पाइपाखालच्या पायरीवर बसायला लागली. बाकीच्या बायकांनाही बोलवायची. खोकला लागला तेव्हा तिने धुळीला बोल लावला. मलाही ते सोयीचंच वाटलं.

महिन्याभराने मशीन दुरुस्त करणारा आला. पेटी उघडून मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, इथे तीनशेच्या वर तापमान लागतं. बेचाळीसला काय होणार?" त्याने ते हळू सांगितलं म्हणून मला बरं वाटलं, याचीच आता जास्त लाज वाटते.

हीटर त्याच दिवशी सुरू झाला. मी मावशीला खरं सांगायलाच गेले होते. ती पायरीवर भाकरी मोडत होती, मध्येच खोकत होती. तोंडातून निघालं, "इथे बसत जाऊ नकोस, ऊन लागतं."

तिने लगेच डबा उचलला. शेजारणीला म्हणाली, "देख, मनी पोर कितली काळजी करस."

खोकला काही गेला नाही. परवा तिला उधन्याच्या डॉक्टरांकडे नेलं. कशाने सुरू झाला, असं त्यांनी विचारलं. मावशीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि सांगितलं, "माले ऊन लागनं."

डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.