खाटेपुरता आवाज

साल २००३, हिवाळा. तूर फुलात होती.

लाऊडस्पीकरच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. भोंगा झाडावर चढला की खाली काही तरी घडतंच. वारंगा फाट्यावर माझं दुकान. मी दुसरी शिकलो. पण माझा भोंगा घरघरला असं कोणी म्हणून दाखवावं!

एकदाच मान खाली गेली होती. ते आधी सांगतो.

*

१९९४ चा उन्हाळा. हट्ट्याला लग्न. नवरदेवाचा परण्या, म्हणजे वरात, मारुतीपासून निघायचा आणि ॲम्प्लिफायरमधून धूर! वरपक्षाची माणसं बाह्या सारून माझ्याकडे आली.

आमचं सामान जयरामच्या ट्रकमधून आलं होतं. जयराम जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याची बायको सोनीबाई वसमतला माहेरी निघाली होती, म्हणून सोबत होती. ती ट्रकमधून उतरली, पदर सावरला आणि तांड्यावरचं गाणं म्हणू लागली. शब्द कोणाला कळेनात. पण बाह्या खाली आल्या. परण्या तिच्या गाण्यावर मांडवापर्यंत गेला. सेलवर चालणारा टेप तेवढा शाबूत होता. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

निघताना जयराम म्हणाला, "मामा, आवाज उसना दिलाय. ध्यानात ठेवा."

"ठेवीन," म्हणालो. मी कोणाचं ठेवून घेत नाही.

*

पुढे सोनीबाई तापानं गेली. त्यानंतर जयराम गाडीच्या टपावरून पडला. कंबर गेली. लेकाच्या घरी लहानशा खोलीत त्याची खाट. २००३ च्या त्या हिवाळ्यात त्याचा निरोप आला, सोनीची कॅसेट ऐकायची आहे.

गंगाराम माझा भागीदार, भोंगे बांधण्यात पटाईत. त्याने दुकानातला भोंगाच नेला. पहिल्या सुराला पत्रे थरथरले. शेळ्यांनी दावी तोडली. शेजारचे लोक विचारायला आले, लग्न कोणाचं?

जयराम कानावर हात ठेवून म्हणाला, "मामा, ही सोनी न्हाई. ही तर दवंडी हाय."

*

दुसरे स्पीकर घ्यायला नांदेडला गेलो. दुकानदाराने फळीवर मावतील असे दोन डबे पुढे ठेवले. मी विचारलं, "यात काय उंदीर बसवले?"

आमची पारख ठरलेली. मी गाणं लावायचं, गंगारामने रस्त्याने चालत जायचं. ऐकू येतंय तोवर त्याचा रुमाल वर. भोंग्याला गंगाराम ओढ्यापलीकडे जातो. या डब्यांना दाराबाहेर पडताच रुमाल खाली आला. डबे नापास!

दुसरा जोड मोठा, लाल दिवे लागणारा. गंगाराम चौक ओलांडून गेला तरी रुमाल वरच. तोच घेतला.

जयरामने तो थोडा वेळ ऐकला. मग सुनेला म्हणाला, "बंद कर माय. यायनं सोनीच्या पोटात ढोल काहून घातला?"

*

डबे परत घेऊन गेलो. दुकानदार रागावला नाही. त्याने एवढंच विचारलं, "चाचा, सुननेवाला रोड पे है या कमरे में?"

आयुष्यभर मी आवाज लांब पाठवला. जवळ कधी ठेवला नव्हता. नापास केलेले ते लहान डबे उचलले.

*

जयरामच्या खोलीत गंगारामने सवयीने डबे खिडकीत ठेवले, तोंड गल्लीकडे. जयराम म्हणाला, "गल्लीला ऐकवून राहिला का बाबा?"

मग खाटेसमोरच्या भिंतीवर दोन फळ्या ठोकल्या. दोन्हींत हातभराहून जास्तच अंतर ठेवलं. तोंडं खाटेकडे. कॅसेट लावली.

जयराम डोळे मिटून ऐकत राहिला. मग मान हलवली. "आवाज तिचाच हाय मामा. पर ती कुठं उभी हाय ते समजून न्हाई राहिलं."

मलाही तसंच वाटत होतं. आवाज खोलीभर हिंडत होता, कुठे टेकत नव्हता. डबे फिरवले. फळ्या हलवल्या. शेवटी मागे वाकून पाहिलं. एका डब्याची तार लालला लाल, दुसऱ्याची उलटी, लालला काळी. भोंग्याला तार कशीही लावा, तो बोलतोच. रंग बघायची मला कधी गरज पडली नव्हती.

तार बदलली. पुन्हा बटण दाबलं.

दोन डब्यांच्या मधे कोरी भिंत होती. आवाज तिथून आला. डाव्या डब्यातून नाही, उजव्या डब्यातून नाही. सोनीबाई तिथे उभी राहून गात होती. मधेच तिने श्वास घेतला, तोही ऐकू आला. गंगारामने टोपी काढली. मी उठून भिंतीला हात लावून पाहिला. गार होती. पलीकडे सून भाकरी थापत होती, तिला काही ऐकू जात नव्हतं.

जयरामने दोन्ही हात खाटेवर रोवले. दात आवळून कडेला सरकला. शेजारी एका माणसापुरती जागा केली.

गाणं संपलं.

मग तो म्हणाला, "मामा, फिटलं."