चिमाजीआबांची निशाणं

आमच्या डिंगोऱ्यात म्हातारी माणसं भजन करतात, नाहीतर सुनांच्या कागाळ्या. आमचे चुलते चिमाजीआबा निशाणं गोळा करायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कराचीला नेव्हीच्या ट्रेनिंगला होते. तिथं प्रत्येक तुकडीचं पांढरं निशाण असायचं. ट्रेनिंग संपलं की पोरं त्यावर टाकानं सह्या करून बोटीवर जायची. बरीच परत आली नाहीत. निशाणं मात्र कुणाकुणाच्या घरी पडून राहिली, आणि म्हातारपणी आबा एसटीनं ती शोधत हिंडायचे.

मी म्हणायचो, "आबा, ह्या फडक्यांनी पोट भरणार हाय का?"

"तुझं भरलंय ना? मग गप बस."

पेठला त्यांच्याच तुकडीतल्या गेणभाऊंच्या माघारी पोरांनी निशाण मोटरसायकल पुसायला काढलेलं. आबा असे तापले, की पोरानं ते मुकाट्यानं हातात दिलं. त्यावर वाकडीतिकडी सही निघाली, कुशाबाची.

कुशाबा डोंगरातला, ट्रेनिंगमधला आबांचा जोडीदार. त्याची बोट बुडाली, प्रेत काही सापडलं नाही. फोटोसुद्धा नव्हता. बायको सोनीबाई तेव्हा नवी नवरी. निशाण मिळाल्यावर आबा तिला जाऊन घेऊन आले आणि तिचं बोट त्या सहीवर ठेवलं, कारण तिला वाचता कुठं येत होतं? तेव्हापासून जुन्नरच्या बाजाराला आली की ती आमच्याकडं यायचीच. सहीवर हात ठेवून बसायची, चहा घ्यायची, जायची. नवऱ्याचं सुतक तिनं कधी धरलंच नव्हतं.

"त्याच्या हातचं हाय तवर त्यो हाय," म्हणायची. लोक येडी म्हणायचे. म्हणेनात का, लोकांच्या जिभेला हाड असतं होय!

नव्याण्णव साली ठकूबाईकाकू गेल्या, आबांची बायको. दहाव्याला आम्ही पुरुष नदीवर गेलो. घरी आबांची सून अश्विनीवहिनी. त्या दिवशी घरातलं कापड न् कापड धुवायचं. एक चिंधी राहिली तरी सुतक राहिलं, असं आमच्यात मानतात. वहिनीनं निशाणांची ट्रंकसुद्धा उघडली. निशाणं सोड्याच्या कढत पाण्यात भिजवली, धोपाटण्यानं धोपटली. बिचारीनं मनापासून धुतली हो! आम्ही आलो तेव्हा दोरीवर सगळी पांढरीशुभ्र वाळत होती. एक अक्षर उरलं नव्हतं.

वाटलं, आता आबा हात उचलतात. पण ते म्हणाले, "तुझी चूक न्हाई, पोरी," आणि दोरीखाली मटकन बसले. मलाच रडू आवरेना. काकूंवरसुद्धा मी एवढा रडलो नव्हतो.

तेराव्याला सोनीबाई आली. मी आबांना बाजूला घेऊन म्हणालो, "तिला काय कळतंय? ठेवा बोट कुठंबी."

आबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी मान खाली घातली. त्यांनी निशाण तिच्यापुढं पसरलं.

तिनं हात फिरवला. डोळे बारीक करून पुन्हा फिरवला.

"कुठं गेला?"

"सुतकाच्या धुण्यात गेलं, वयनी," आबा म्हणाले.

चहा तसाच निवला.

"भाऊजी, तुमचं सुतक फिटलं," ती म्हणाली. "माझं आज लागलं."

उठली, अंगणातल्या मोरीवर जाऊन बसली आणि अश्विनीवहिनीलाच म्हणाली, "पोरी, डोक्यावर पाणी घाल."

वहिनीनं तांब्या भरून ओतला. सोनीबाईच्या कपाळावरचं कुंकू ओघळून नाकावर आलं, आणि म्हातारीनं ते तळहातानं पुसून टाकलं.