रिकामी नाही

माझ्या दोघा नातवंडांनो,

हे आत्ताच लिहिते आहे, कारण डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आहे आणि जी वस्तू तुम्हाला द्यायची, ती मला दिसेनाशी झाली आहे.

तुमची आई बारामतीच्या कॉलेजात तांब्याच्या पातळ पत्र्यावर कार्बनचा थर तयार करायची, एका अणूच्या जाडीचा. साथीत कॉलेज बंद झालं तेव्हा काही तुकडे घेऊन ती इंदापूरला माझ्याकडे आली. तुम्ही तिकडे बाबांजवळ होतात. तांबं रसायनात विरघळवायचं, उरलेला थर काचेच्या बशीत स्वच्छ पाण्यावर तरंगत ठेवायचा आणि खालून प्लास्टिकची पट्टी घालून अलगद उचलायचा. थर दिसायचा नाही. खिडकीच्या तिरप्या उजेडात नुसती एक कड चमकायची.

पहिल्याच आठवड्यात मी टेबल आवरताना बशी मोरीत ओतली. धुऊन पालथीसुद्धा घातली.

"आई, तीन महिन्यांचं काम धुतलंस गं."

"मग चिठ्ठी लावायचीस. वर्गातल्या मुलींना वह्यांवर नावं घालायला मी उगाच शिकवत होते का?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बशीपुढे चिठ्ठी होती: रिकामी नाही.

ताप चढला आणि तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा शेवटची बशी खिडकीत होती. गाडीत बसताना म्हणाली, "पाणी आटू देऊ नकोस. धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ नाही ते, पाणी उतरलं की वर यायला. थर तळाला चिकटला की संपलं. मी आल्यावर उचलते."

ती आली नाही.

मी रोज थेंबथेंब पाणी घालत राहिले. तेराव्यानंतर कामाच्या मावशींनी बशी उचलली. "बाई, नुसतं पाणीच हाय की ह्यात. वतू का?"

मी ओरडले. त्या दचकल्या, पाणी हिंदकळलं आणि थराचा एक कोपरा दुमडला.

आता वाट पाहून चालणार नव्हतं. चांदीच्या लेपाच्या दोन रेघा ओढून तिने तयार ठेवलेली पट्टी मी पाण्यात घातली. दोनदा थर निसटला. तिसऱ्यांदा मनगट जरासं वळलं, तिचं वळायचं तसं, आणि थर पट्टीवर आला. मी ते वळवलं नव्हतं.

अजून घरातलं कुठलंही साचलेलं पाणी मी उजेडाकडे तिरपं धरल्याशिवाय ओतत नाही.

पट्टी कपाटात स्टीलच्या डब्यात आहे, चिठ्ठीसकट. तिच्या वीज मोजायच्या मीटरच्या तारा दोन्ही रेघांना लावल्या की थरातून वीज जाते आणि आकडा येतो, पट्टी वाकवली की बदलतो. कोपरा दुमडलेला आहे. बाकीचा थर शाबूत आहे.