थुंकी जयाबाईची, कपाट वस्तीचं

तुमची थुंकी सध्या कुणाच्या कपाटात आहे, सांगता येईल? हसू नका. वडगावच्या जयाबाईलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं.

जयाबाईचा जन्म मागावर गेला. लग्न मामाच्या मुलाशी, रीतच तशी. धाकटा परशराम जन्मापासून बहिरा, पण घराला ते कळलं तो चार वर्षांचा झाल्यावर. यंत्रमागाच्या खडखडाटात त्या घरात सगळेच हातवाऱ्यांनी बोलतात. पोरगं हातवाऱ्यांना बरोबर उत्तर देतंय, म्हणून आई खूश! बालवाडीच्या बाईंनी सांगितलं तर जयाबाईनं त्यांनाच खुळ्यात काढलं. ती चार वर्षं तिला अजून टोचतात.

आता लेकीची श्रिया आणि थोरल्या लेकाचा मंथन यांचं ठरलं. पुन्हा मामाचंच घर. श्रिया मात्र अडून बसली, "आज्जी, पोटच्या पोराचं काय हुणार ते कळल्याबिगर अक्षता न्हाईत."

अशात कंग्राळीपलीकडच्या माळावर ‘स्वयंभू वस्ती’ उगवली होती. पुण्या-बेंगळुरूच्या नोकऱ्या सोडून आलेली छत्तीस माणसं. सरकार नको, बाजार नको, पुढारी नको. हातमाग शिकवायला जयाबाई मात्र हवी. वर्षभर सोबत राबेल तो वस्तीचा सभासद, हा त्यांचा नियम. तिलाही सुताचा हार घालून सभासद केलं, फोटो काढला आणि विसरून गेले.

मग त्यांना संशोधनाचं वेड लागलं. नव्या समाजाची जनुकं तपासायची! तुलनेला जुना समाज पाहिजे, तो वडगावात आयता होताच. निशांत नावाचा एक गृहस्थ, जो पुढारी नाही पण ज्याच्याशिवाय तिथलं पान हलत नाही, म्हणाला, "जयाआक्का, तुम्ही, श्रिया, मंथन, तिघं नळीत थुंका. बहिरेपणाचंही कळेल. महिन्यात रिपोर्ट."

तिघं थुंकले. रिपोर्ट आला आणि कपाटात गेला. लग्नाला पंधरा दिवस राहिले.

"रिपोर्ट द्या की, अण्णा."

"आक्का, इथं सगळं एकमतानं होतं. ऋग्वेदचं मत राहिलंय."

"मग इचारा की त्येला."

"त्याचं चाळीस दिवसांचं मौन आहे."

"मान तरी हलवंल?"

"मान हलवणं हेसुद्धा बोलणंच, आक्का."

मी तिचा शेजारी, सोबत गेलेलो; हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी कपाट फोडायलाच निघालो होतो. जयाबाईनं दंड धरला, "गप रं. मीबी सभासद हाय."

वस्तीच्या स्वतःच्या छत्तीस नळ्या सोमवारी बेंगळुरूला जायच्या होत्या. आदल्या दिवशीच्या सभेत जयाबाई गोलात मांडी घालून बसली.

"नळ्या धाडायला समद्यांचं मत लागतंय न्हवं?"

"हो, अर्थातच," निशांत कौतुकानं म्हणाला.

"मग माझं न्हाय."

"अहो, पण कारण?"

"सांगितलं असतं. पर आत्ताच मौन धरलंय. चाळीस दिस."

आणि तोंड मिटलं. नियमाची वही उघडली, पानं उलटली, कुणालाच वाट सापडेना. शेवटी कोपऱ्यातून एक आवाज फुटला, "अरे, देऊन टाका ना त्यांना!" तो ऋग्वेद होता. त्याचीही नळी त्या छत्तिसांत होती.

पाच मिनिटांत किल्ली मिळाली.

बहिरेपणाचा दोष श्रिया आणि मंथन दोघांतही निघाला. चार पोरांत एक बहिरं होण्याचा संभव. थोरल्या लेकानं कपाळाला हात लावला. जयाबाई त्याच्यावरच उखडली, "चारातला एक मी वाढवलाय. परशराम चार माग चालवतोय. त्याची लाज न्हाय मला. माझी चार वर्सं वाया गेली, त्येची हाय."

श्रियानं मंथनला हातवाऱ्यांनीच विचारलं, करायचं का? त्यानं होकाराची मान हलवली. मला विचारलं असतं तर मी मोडा म्हणालो असतो, पण मला विचारतो कोण! लग्न झालं. अट एकच घातली जयाबाईनं: पोर जन्मलं की पहिल्या आठवड्यात कान तपासायचे.

तेव्हा, उद्या तुमच्या दारात कुणी नळी घेऊन आलं, मग ते कितीही गोड आक्का-अण्णा करू देत, तोंड उघडण्याआधी कागद पुढे करा आणि एवढं लिहून घ्या: रिपोर्ट आधी माझ्या हातात.