भिंतीवरचा तळहात

लातुरात बंद पडलेल्या डाळमिलचं घर करायला घेतलं, तेव्हा तिथला म्हातारा वॉचमन आम्ही तसाच ठेवला. पूर्वी तो त्याच मिलमध्ये मशीनवर होता. त्या खडखडाटात त्याचे कान कायमचे गेले होते. आपण काय बोलतो ते तो ओठांकडं बघून ओळखायचा, अन् स्वतः मात्र ओरडूनच बोलायचा.

रोज सकाळी आल्या आल्या तो मधल्या जाड भिंतीवर तळहात टेकवून, मान खाली घालून उभा राहायचा. मला वाटायचं, नमस्कार करतोय. एकदा विचारलं, तर ओरडला, "सवय हाय, साहेब. मशीन नीट चाललीया का बिघडलीया, ते मला हितं कळायचं. कानानं न्हाई."

ती भिंत आम्ही ठेवली. तिच्यावर गुळगुळीत पुट्टी केली, फिकट रंग दिला. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या. त्यांचं मला फार कौतुक होतं.

वास्तुशांतीला तो धुवट सदरा घालून आला. उद्यापासून वॉचमनची गरज नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. जेवण झाल्यावर तो त्या भिंतीपाशी गेला अन् हात टेकवला. बराच वेळ काढलाच नाही. पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. मी त्याच्यासमोर जाऊन विचारलं, "काय म्हणते भिंत, मामा?"

त्यानं तळहात सदऱ्याला पुसला. पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"काईच न्हाई, साहेब. लई चांगलं घर झालं."