बेसिंगस्टोकमधला सुरू

इंग्लंडमधल्या आमच्या बोन्साय क्लबातले एक आजोबा मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. तिच्याकडे बाग नव्हती, म्हणून आपली झाडं त्यांनी क्लबातच वाटून टाकली. मेपल, जुनिपर पटापट गेले. मागे राहिलं एक विस्कटलेलं, केसाळ फांद्यांचं झाड. कुंडीतल्या पट्टीवर एवढंच लिहिलं होतं: 'पाइन, ऑस्ट्रेलिया'.

मी त्याची एक पानासारखी दिसणारी हिरवी सुई हलकेच ओढली. ती सांध्यावर सुटली आणि परत टोचली तर नीट बसली. लहानपणी श्रीवर्धनला मामाकडे गेलो की आम्ही भावंडं किनाऱ्यावर हाच खेळ खेळायचो. सुई तोडायची, जोडायची आणि विचारायचं, "ओळख, कुठे तोडली?"

"हे पाइन नाही," मी आजोबांना म्हटलं. "आमच्याकडे याला सुरू म्हणतात. कॅज्युरिना."

"नक्की?"

"सुरू आहे हे नक्की. कुठला, ते शोधून काढीन."

"मग तुम्हीच न्या. माझ्या बायकोनं बियांपासून वाढवलंय ते. ती आता नाही." कुंडी माझ्या हातात देत ते म्हणाले, "जगवा."

सुरू म्हणजे समुद्रकाठचा, उबेतला, असं धरून मी तो हिवाळ्यात हॉलमध्ये खिडकीपाशी ठेवला. खाली खोली गरम ठेवणारा रेडिएटर. जानेवारीत सगळ्या सुया तांबूस झाल्या. हात लावला की गालिच्यावर सडा.

"अगं, गेलंय ते," ब्रॅकनेलच्या ऑफिसातून आलेला नवरा बूट काढता काढता म्हणाला. "बागेच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकू या."

मी नखानं बुंध्याची साल खरवडली. आत हिरवं होतं. "नाही टाकायचं," मी म्हटलं.

त्या रविवारी गळलेल्या सुया आणि भिंग घेऊन बसले. सुयांच्या प्रत्येक सांध्यावर बारीक दातांचं कडं असतं, ते दात हीच त्या झाडाची खरी पानं. किनाऱ्यावरच्या सुरूला असे सात-आठ दात असतात. माझ्या झाडाला बहुतेक सांध्यांवर नऊ, कुठे दहा दिसले. सुयाही फार बारीक. म्हणजे हा नदीकाठचा सुरू होता, ऑस्ट्रेलियातल्या गार ओढ्यांच्या काठी वाढणारा. बिचाऱ्याला मी रेडिएटरवर सुकवत होते.

कुंडी उचलली, बागेतल्या प्लॅस्टिकच्या छोट्या ग्रीनहाउसमध्ये नेली आणि पाण्यानं भरलेल्या ट्रेमध्ये ठेवली.

"या फ्रॉस्टमध्ये?" नवऱ्यानं विचारलं.

"हो. इथेच."

हॉस्पिटलमधली ड्युटी संपवून आले की कोटही न काढता आधी ट्रे बघायचा, असा परिपाठ झाला. मार्च गेला. शेजारच्या मेपलला पालवी फुटली, याच्यावर काही नाही. एप्रिलमध्ये पुन्हा साल खरवडली, पुन्हा हिरवं. मी पाणी घालत राहिले. मे महिन्यात बुंध्यावर, अगदी खाली, हिरवे ठिपके दिसले. आठवड्याभरात त्यांचे झुपके झाले. मी तिथूनच आजोबांना फोन लावला. झाड फुटल्याचं आणि त्याचं खरं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"रिव्हर शी-ओक," मी त्याचं इंग्रजी नाव पुन्हा सांगितलं.

"हां. माझी बायको शी-ओकच म्हणायची. मला वाटायचं, गमतीनं म्हणते."

क्लबात सगळे मार्चमध्येच कुंड्या बदलतात. मी जूनची ऊब यायची वाट पाहिली. कुंडी बदलताना मुळांवर छोट्या पोवळ्यांसारख्या गाठी निघाल्या. क्लबातल्या एका मैत्रिणीनं बजावलं, "रोग आहे हा, छाट." पण सुरूच्या मुळांवर अशा गाठी असतातच. आतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला पुरवतात. मी एकही गाठ कापली नाही. त्या जिवाणूंसाठी जुनी मातीही थोडी तशीच ठेवली.

वरचा अर्धा बुंधा वाळलाच होता, तो करवतीनं काढला. आता खालच्या फुटव्यांतला एक नवा बुंधा म्हणून सरळ वर घ्यायचाय. डावीकडचा जाड आहे, पण मला उजवीकडचा पसंत आहे. त्याला तार बांधून ठेवली आहे.